फॉक्सटनच्या लॉकवर नेमकं कुठं उभं राहायचं

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच आई-वडील हल्ली मुलांकडं इंग्लंडला जातात आणि लंडन बघून परत येतात. माझी सगळी नोकरी घटप्रभेच्या कालव्यावर झालेली, म्हणून मी मुलाला म्हटलं, राणीचा वाडा राहू दे, आधी फॉक्सटनच्या कालव्यावर ने. लेस्टरहून रेल्वेनं मार्केट हार्बरो, पुढं टॅक्सी.

टेकडीवर १८१४ सालची दहा लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना गेटं असलेली कालव्यातली खोली; तिच्यात पाणी भरलं की बोट वर चढते, सोडलं की खाली उतरते. पाच-पाचच्या दोन रांगा, मध्ये बोटींना एकमेकींना ओलांडायला जागा. चढ ७५ फूट. सगळे वर उभं राहून फोटो काढतात. तुम्ही तळाच्या गेटापाशी या आणि वर जाणारी एक बोट धरा. सात फूट रुंदीची ती लांबलचक बोट आत शिरली, की मागं गेट बंद. मग माणसाच्या हातातला लोखंडी हँडल बघा. तो लावून फिरवला की पाण्याखालची झडप, म्हणजे पॅडल, उघडते. आधी लाल पॅडल, मग पांढरं. लाल उघडलं की बाजूच्या तळ्यातलं पाणी बोटीखाली येतं, पांढऱ्यानं वरच्या लॉकमधलं पाणी त्या तळ्यात उतरतं. क्रम चुकला तर पाणी भलतीकडंच उतू जातं. पंप नाही, वीज नाही! पाळीच्या पाण्यावरनं शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला हे बघून काय वाटतं, विचारू नका.

दोन्हीकडची पातळी एक होईतो गेट हलत नाही, चार पैलवान लावा. झाली, की एखादी आजीबाई पाठ लावून ते उघडते. तुम्हालाही ढकलायचं असेल तर 'मे आय पुश?' एवढं इंग्रजी पुरे. लॉककीपरनं मान हलवली तरच हात लावा. गेटाचा आडवा दांडा फिरतो तिथं उभं राहू नका, आणि हँडल फिरवणाऱ्याच्या अगदी जवळही नको, तो निसटला तर जोरात गरगरतो.

एक बोट वर जायला पाऊण-एक तास जातो. आधी काही बोटी चढतात, मग काही उतरतात, त्यामुळं मध्येच शुकशुकाट वाटला तर उठू नका. भाकरी, शेंगाचटणी तेव्हाच सोडा. पाय चालत असतील तर शेजारचा उतार बघून या: १९०० साली वाफेच्या यंत्रानं बोटी अख्ख्या टाकीसकट ओढून घ्यायची सोय केली होती. खर्च परवडेना, १९११ ला बंद.

जायचं तर मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात बोटी कमी, दुरुस्त्या जास्त.