ओतीव काचेत रंग म्हणजे जाडी

काचशिल्प शिकायला आलेला नवखा बहुधा आधी रंग निवडतो आणि मग आकाराकडे वळतो. भट्टीत ओतायच्या कामाला हा क्रम चालत नाही. १ सेंमी जाडीला निम्मा प्रकाश सोडणारी निळी काच २ सेंमीला पाव सोडते आणि ४ सेंमीला जेमतेम सोळावा हिस्सा. एकाच तुकड्याची कड आभाळासारखी आणि गाभा शाईसारखा दिसतो तो यामुळे. झेलेझ्नी ब्रोद या चेक गावात स्टानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा या जोडप्याने १९५०च्या दशकापासून याच गुणावर काम उभं केलं. चेहरा ठोकळ्याच्या पाठीमागून आत पोकळ घ्यायचा. नाकापाशी काच सर्वांत पातळ, म्हणून नाक उजळतं, आणि डोळ्यांच्या खोबणी आपोआप गडद होतात. नवख्याने सर्वांत आधी हे समजून घ्यावं.

आता हिशेब. शिल्पाचा मेणाचा नमुना मापपात्रातल्या पाण्यात टाचणीने दाबून बुडवा. पाणी ४०० मिली चढलं तर त्याला अडीचने गुणा: १ किलो काच लागेल. ३ मिमी जाडीच्या काचपत्र्यात आवडलेला रंग ४८ मिमी जाडीत तसाच हवा असेल, तर रंगीत काच सोळावा भागच घ्या, म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम. बाकी सगळी पारदर्शक. रंग बारीक भुकटीचा असेल तर तो धुरासारखे पडदे धरतो आणि अडकलेल्या हवेने काच दुधाळ होते. पाण्यासारखा एकसंध रंग हवा असेल तर मुळातच फिक्या रंगाचे ओतकामाचे मोठे तुकडे घ्यावेत. खिडकीची किंवा बाटलीची काच त्यात मिसळू नका. तापल्यावरचं प्रसरण जुळलं नाही तर तडा ठरलेला.

मेणाच्या नमुन्याभोवती ओतायच्या साच्याला प्लास्टर आणि सिलिका (गारेची बारीक भुकटी) समान वजनात, दोन्ही मिळून २ किलोला १ लिटर पाणी. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून मास्क लावल्याशिवाय पोतं उघडायचंच नाही. मेण वितळवून काढल्यावर भट्टी ९५ अंशांवर धरून साचा वाळवा. वाफेच्या भोकासमोर आरसा धरा; तो धुरकटतोय तोवर पुढे जाऊ नका.

बुल्सआय या अमेरिकी कंपनीची काच साधारण ८३० अंशांना साचा भरते. तिथून ४८२ पर्यंत झपाट्याने उतरा. मधे रेंगाळलात तर पृष्ठभागावर स्फटिकांची पांढरी साय धरते. खरा संयम इथून पुढे, कारण आतला ताण जायला काच सावकाशच निवावी लागते. ५० मिमी जाडीला ४८२ वर ८ तास, मग ४२७ पर्यंत ताशी ३.८ अंश, ३७१ पर्यंत ६.८ आणि नंतर २२. एकूण जवळपास ४७ तास. २५ मिमीला सगळं मिळून १४ तासांत भागतं. जाडी दुप्पट झाली की वेळ तिपटीहून जास्त वाढतो, म्हणून पहिलं काम २५ मिमीच्या आतच ठेवा. मधेच वीज गेली तर झाकण उघडू नका. वीज आल्यावर सावकाश ४८२ ला नेऊन सगळा टप्पा पहिल्यापासून चालवा. थंड तुकडा दोन आडव्या-उभ्या पोलराइज्ड फिल्म्समध्ये धरून बघा. उजळ डाग दिसले तर आत ताण राहिलाय.

पॉलिश शेवटी, आणि सगळीकडे नको. गुळगुळीत बाजू खिडकीसारखी आरपार दिसते, मॅट बाजू प्रकाश पसरवते आणि आतला रंग भरून येतो. मागची बाजू मॅट ठेवून एखादीच कड चकचकीत करून पाहा. निओडिमियम या धातूने रंगवलेली काच उन्हात जांभळट आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते, तेव्हा शिल्प जिथे ठेवायचं तिथल्याच दिव्याखाली नमुना तपासून मगच काच मागवा.