अठराव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीत पोरगा 'पुरुष' कधी होतो? प्रबंधिकेसाठी हा विषय घेणाऱ्यांना

विषय ठरला की बहुतेक जण नायकाच्या 'मानसिक वाढी'चा आलेख काढायला बसतात. तो मोह आवरा. नायकाच्या घडणीच्या कादंबरीचा साचा जर्मन लेखक गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५-९६) रूढ झाला. तो फील्डिंगच्या १७४९च्या 'टॉम जोन्स'वर बसवलात, तर टॉम वाढतच नाही असं वाटून प्रबंधिका तिथेच अडकते.

त्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर विचारा: आत्ता हा कोणाच्या ताब्यात आहे, आणि याचा खर्च कोण करतंय?

लहान मुलगेही तेव्हा झगेच घालत. साधारण चार ते सात वर्षांच्या दरम्यान त्यांना ब्रीचेस, म्हणजे गुडघ्यापर्यंतची विजार, मिळत. स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' कादंबरीच्या सहाव्या खंडात ट्रिस्ट्रमचे आईबाप रात्री अंथरुणात पडून यावरच खल करतात. बाप एकेक मुद्दा मांडतो, आई त्याच्या हो ला हो मिळवते, आणि बाप वैतागतो. हे प्रकरण आधी वाचाच.

पुढचा टप्पा उमेदवारीचा, म्हणजे मालकाकडे राहून धंदा शिकण्याचा (अप्रेंटिसशिप). साधारण चौदाव्या वर्षी करारपत्र, मुदत बहुधा सात वर्षं. त्यासाठी पोराच्या घरच्यांना मालकाला रक्कमही द्यावी लागे. लग्न, जुगार, दारूचे गुत्ते यांना करारातच बंदी. म्हणजे मिसरूड फुटलं तरी कायद्याने तो मालकाच्या घरातला पोरगाच. डीफोच्या कादंबरीतला रॉबिन्सन क्रूसो अठराव्या वर्षी म्हणतो की आता उमेदवारीला उशीर झाला, ते या हिशेबाने.

टॉमचं उलट. या सापडलेल्या पोराला वाढवणारा जमीनदार ऑलवर्दी त्याला पाचशे पौंड देऊन घराबाहेर काढतो, आणि तो ते लगेच ओढ्याकाठी हरवतो. पैसा गेला, आधार गेला; पुढचा सगळा प्रवास यातून निघतो. शेवटी त्याचं बस्तान बसतं त्यात शहाणपणाइतकाच जन्माच्या उलगड्याचा आणि वारशाचा वाटा आहे. (फील्डिंगला हे पक्कं ठाऊक होतं.)

हमखास होणारी चूक तारखांची. एकवीस वर्षांखालच्यांना (चर्चमध्ये जाहीर घोषणा न करता) परवान्याने लग्न करायचं तर पालकांची संमती सक्तीची करणारा कायदा १७५३चा, अंमल मार्च १७५४पासून. तो टॉम आणि त्याची प्रेयसी सोफिया यांना लावू नका.

कादंबऱ्या दोनच घ्या. एकट्या 'टॉम जोन्स'चेच अठरा भाग आहेत: सहा खेड्यात, सहा वाटेवर, सहा लंडनमध्ये. टिपा असलेली आवृत्ती वापरा, आणि अवतरणाला पानाबरोबर भाग-प्रकरण क्रमांकही द्या, नाहीतर आवृत्ती बदलली की संदर्भ सापडत नाहीत. समाजाच्या बाजूसाठी लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाची १६७४पासूनची कामकाजपत्रं ऑनलाइन फुकट आहेत; त्यात 'अप्रेंटिस' शोधलंत की मालकाकडे चोरी केलेली खरी पोरं भेटतात.