रीफ टँकमधलं केसाळ शेवाळ कसं हटवलं

कोथरूडच्या फ्लॅटमधल्या माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ ठाण मांडून बसलं होतं. गंमत म्हणजे फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवायची. त्यावर विसंबू नका. सुटलेलं फॉस्फेट शेवाळच खाऊन टाकतं, मग चाचणीला उरणार काय?

खरी गोम वरून घालायच्या पाण्यात होती. पुण्याच्या उन्हाळ्यात टँकचं पाणी भराभर उडतं, पण त्यातलं बाकी सगळं मागेच राहतं. त्यामुळे रोजच्या भरीच्या पाण्यातून येणारी घाण साठतच जाते. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही चालत नाही, कारण चवीसाठी त्यात बरेचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. मी वेगळा आरओ बसवून पुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन जोडलं. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 0 दिसल्याशिवाय आता थेंबही टाकत नाही.

खडक टँकच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासले. गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन देतो. सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे, भरलं, पण बेतानेच. नायट्रेट आणि फॉस्फेट पार संपवलं की डायनोफ्लॅजेलेट्स नावाचे सूक्ष्मजीव डोकं वर काढतात, आणि ते प्रकरण शेवाळापेक्षा वाईट! शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी शेवटी सोडल्या. लांब वाढलेल्या शेवाळाला त्या सहसा तोंड लावत नाहीत, ते आधी हातानेच उपटावं लागतं.