पूलची मोटार सुरू होत नाही? उद्यमनगरात नेण्याआधी एवढं तपासा

कोल्हापूरच्या आसपासच्या फार्महाऊसवरचे पोहण्याचे टँक पावसाळा लागला की बंद होतात आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा चालू करायची घाई होते. मधल्या चार महिन्यांत पंपाला कुणी हात लावलेला नसतो. त्यात पंपाची खोली बऱ्याच ठिकाणी टँकशेजारच्या खड्ड्यात, म्हणजे ओल मुक्कामालाच. बटण दाबून मोटार फिरली नाही की "जळली" म्हणून निकाल लागतो आणि ती उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, वाइंडिंगला (आतली तार नव्याने भरायला) जाते. त्याआधी ती गप्प राहते, नुसती घूं करते की एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पाडते, एवढं नीट बघा. तिन्ही दुखणी वेगळी आहेत. पुढचं सगळं १ ते २ एचपीच्या सिंगल फेज मोटारीला धरून लिहिलंय.

खोलीत पाणी शिरून मोटार बुडाली असेल, तर बटण दाबूच नका. थेट खाली दिलेल्या मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासणीवर या. बाकी वेळी कव्हर उघडण्याआधी मेन एमसीबी पाडा आणि मोटारीच्या टर्मिनलवर टेस्टर लावून खात्री करा. टायमर बंद आहे म्हणजे सप्लाय बंद आहे, असं नाही.

मोटार पूर्ण गप्प असेल, तर दोष बहुतेक मोटारीच्या बाहेर असतो. काट्यांचा टायमर असेल तर आधी त्याचं घड्याळ बघा. लाइट गेली की तेही थांबतं, मग सकाळी सातचा पंप दुपारी चालू होतो आणि आपण मोटारीला दोष देतो. मग कॉन्टॅक्टर (मोटारीला सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) उघडा. पॉइंटमध्ये मुंग्या चिरडून बसलेल्या किंवा पाल अडकून मेलेली सापडणं आपल्याकडे नवलाचं नाही. सप्लाय बंद ठेवून ब्रशने साफ करा, पॉइंट काळे-खडबडीत झाले असतील तर बदला. मोटार चालून बंद पडली असेल आणि अंग तापलेलं असेल, तर आतला थर्मल कटआउट (तापल्यावर मोटार बंद करणारा स्विच) पडलाय. अर्धा तास गार होऊ द्या. पुन्हा पडला, तर कारण शोधल्याशिवाय चालवू नका.

घूं आवाज येतो पण शाफ्ट फिरत नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. पाच सेकंदांच्या वर बटण दाबून धरू नका. अडकलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि खरी जळते ती इथेच. मेन बंद करून मागचं फॅन कव्हर काढा आणि पंखा हाताने फिरवा. सहज फिरायला हवा. हलत नसेल तर सील चिकटलंय, बेअरिंग गंजलंय किंवा इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चाकात) पालापाचोळा, खडा अडकलाय. शाफ्टच्या मागच्या टोकाला खाच असेल तर स्क्रूड्रायव्हरने मागे-पुढे हळू हलवा, गंज सोडवणारा स्प्रे बेअरिंगच्या बाजूला मारून तासभर थांबा. पंख्याच्या पात्यात पक्कड घालून जोर लावू नका, प्लॅस्टिकची पाती मोडतात.

पंखा मोकळा फिरतो तरीही घूं? मग कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीची ढकल देणारा डबा. काढण्याआधी ६० वॅटच्या बल्बच्या होल्डरची दोन टोकं त्याच्या दोन टर्मिनलना टेकवून तो डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय सोडा. फुगलाय, तेल गळतंय, तर मोजत बसू नका. नाहीतर मल्टिमीटरवर मायक्रोफॅरॅड मोजा. रनिंग कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी दाखवत असेल तर गेला: ३६ लिहिलेला २८ दाखवतो, म्हणजे बदला. नवा घेताना मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. पंख्याला काठीने ढकलून मोटार चालू करून बघणारे मिस्त्री भेटतील. निदान बरोबर निघतंही, पण बोटं आपली असतात.

कपॅसिटरही चांगला निघाला, तर व्होल्टेज बघा, पण मोटार चालू करतानाच. नुसतं मोजलं तर २३० दिसतं, फसायला होतं. मोटारीची फिरवण्याची ताकद (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते. १८० व्होल्टला ती साधारण ६१ टक्केच उरते. एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) उसाच्या मोटारी चालू असतील तर व्होल्टेज पडणारच. कधी दोष आपल्याच वायरीचा असतो. मीटरपासून ७० मीटरवर १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर नेली, तर सुरुवातीच्या ३५ अँपिअरला जवळपास ६० व्होल्ट वायरीतच जातात. ४ चौरस मिमीला हेच २३ च्या आसपास येतं.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडत असेल, तर आधी तो बी कर्व्हचा तर नाही ना ते बघा. बी थोड्या जास्त करंटलाच पडतो, मोटारीला सुरुवातीचा झटका सोसणारा सी लागतो. आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडत असेल, तर ओल. टर्मिनल बॉक्स पुसून कोरडा करा. मग मोटारीच्या वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमध्ये रेझिस्टन्स घ्या. १ मेगाओहमच्या खाली असेल तर चालवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस ठेवून पुन्हा मोजा. बऱ्याच 'जळलेल्या' मोटारी इथेच बऱ्या होतात. उन्हानंतरही आकडा शून्याजवळच असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र वाइंडिंग.

थ्री फेज पंप असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटरचा (फेज गेली किंवा उलटी आली की मोटार अडवणाऱ्या यंत्राचा) दिवा आधी बघा. डीपीवर काम झाल्यावर फेज उलटी येते, दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. नदीवर मोटार असणाऱ्यांना हे सांगायला नको.

मोटार उद्यमनगरात द्यावीच लागली, तर नेमप्लेटचा आणि कपॅसिटरच्या जोडणीचा फोटो काढून ठेवा, बेअरिंग आणि सील त्याच वेळी बदलून घ्या. परत बसवल्यावर गाळणीचं भांडं पाण्याने भरा, व्हॉल्व्ह उघडा, मग चालू करा. क्लॅम्प मीटर लावून नेमप्लेटवरच्या अँपिअरपेक्षा जास्त ओढत नाही ना, हे दहा मिनिटं बघा.