रिक्षा घेऊन वाळवंटात निघालाय? या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "दादा, एका संस्थेसाठी निधी गोळा करतोय, पुण्याहून जैसलमेर रिक्षाने जाणारोत, काही टिप्स?" टिप्स देतो, ऐकत कुणी नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

पहिली चूक रिक्षाची नाहीच, पैशाची आहे. देणग्या स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. कोथरूडच्या एका ग्रुपने पोस्टरवर एका मेंबरचाच क्यूआर छापला, त्याच खात्यातून पेट्रोल, त्यातूनच ढाब्याची बिलं, परत आल्यावर कुणाला हिशोब लागेना आणि एका काकांनी ८०जी ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवायची, पावती मागितली तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. ही पावती नोंदणी असलेली संस्थाच देते, तीही पैसे तिला मिळाले तरच, आणि २००० रुपयांच्या वर कॅश दिली तर करसवलत नाही. माझा नियम सोपा आहे, क्यूआर थेट संस्थेचा आणि प्रवासखर्च आपल्या खिशातून. परवडत नसेल तर लोणावळ्यापर्यंत जाऊन या.

परमिट बघा. मीटरच्या रिक्षाचं परमिट ठराविक हद्दीचं असतं, राज्याबाहेर न्यायची तर आधी आरटीओत जा, वाटेत पकडल्यावर "साहेब, चॅरिटी आहे" चालत नाही.

मुंबई एक्सप्रेसवेवर तीनचाकीला बंदी आहे, तरी कुणीतरी मॅप लावून तिकडे वळतंच. मी नाशिक-सापुतारा करून गुजरातेत उतरतो. राजस्थानात शिरायच्या आधी टाकी फुल करा, गुजरातेत पेट्रोल स्वस्त पडतं.

आता वाळू. हायवेवर रिक्षा गुपचूप चालते, म्हणून समला, म्हणजे जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर, पोचेपर्यंत सगळ्यांच्या अंगात वारं शिरलेलं असतं. चिंचवडच्या पोरांनी मागे म्युझिक सिस्टिम बसवलेली, टपावर कॅरियर, त्यावर पाण्याचे कॅन, आणि रीलसाठी डांबरी सोडून सरळ जीपच्या चाकोरीत. मी मागे सपोर्ट गाडीत होतो, ओरडत होतो. जीपची चाकं दोन बाजूंना, म्हणून चाकोऱ्या दोन, आणि रिक्षाचं पुढचं चाक बरोब्बर मधल्या मऊ वाळूत येतं, तिथे ते नांगरासारखं घुसतं. घुसलं, तसा पठ्ठ्याने फुल रेस देऊन हाफ क्लच धरला, मागची चाकं पार बुडली, क्लच प्लेटचा जळका वास माझ्यापर्यंत आला तरी हा थांबेना. मग घाई, अंधार पडतोय, एका जीपवाल्याला बोलावून दोर बांधला तो पुढच्या फोर्कला. एक झटका, फोर्क वाकला. दोर चासीला बांधायचा असतो रे बाबांनो.

रुतली की रेस सोडा. सगळे उतरा, सामान उतरवा, मागच्या चाकांमागची वाळू हाताने उपसा, गोणपाट घाला आणि आलात तसंच मागे ढकला. रिक्षा हलकी असते, चार जण पुरतात. चाकोरीतून जायचंच असेल तर मी पुढचं चाक एका चाकोरीत घालतो, गाडी वाकडी चालते पण चालते. टायरची हवा थोडी कमी करा, पण यूट्यूबवरच्या फोर बाय फोरवाल्यांचं बघून फार काढू नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. डांबरीवर आलात की लगेच परत भरा, पायपंप जवळ हवाच.

एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटका. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल दोन-दोन घ्या. बाकी स्पेअरची दुकानभर खरेदी नको, जैसलमेरातही रिक्षा आहेत आणि त्या दुरुस्त करणारेही आहेत.

रात्री चालवू नका, गायी आणि उंट रस्त्यातच असतात आणि आपला हेडलाइट कसला तो सगळ्यांना माहितीय.

आणि वाळवंट म्हणजे गरम असं समजून टीशर्टवर निघू नका, जानेवारीत तिथे पहाटे दात वाजतात आणि रिक्षाला दारं नसतात. पावसाळ्यात रिक्षावाले लावतात ते बाजूचे पडदे पुण्यातूनच शिवून घ्या.