एटीआर विमान ओझरहून नाशिकच्याच गांधीनगरला न्यायचं म्हटलं तर काय काय तपासायचं

नाशिकला दोन धावपट्ट्या आहेत. एक ओझरला, शहरापासून वीसेक किलोमीटरवर, हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलच्या ताब्यातली, तीन किलोमीटर लांब. प्रवासी विमानं तिथूनच सुटतात. दुसरी गांधीनगरची, नाशिक रोडच्या वस्तीला खेटून. तिथे आर्मी एव्हिएशनचे वैमानिक हेलिकॉप्टरवर तयार होतात. मोठी जेट ओझरला राहू द्यावीत आणि एटीआरसारखी छोटी पंख्याची विमानं गावात आणावीत, असं कुणालाही वाटेल. ते जमेल का, हे कोणत्या क्रमानं तपासायचं ते पुढे दिलं आहे. बहुतेक जण धावपट्टीची लांबी विचारून थांबतात, आणि खरी अडचण निघते ती त्याच्या पुढे.

आधी विमान आणि मार्ग पक्के करा. एटीआर ७२-६०० मध्ये ७० ते ७८ जागा असतात, पंखांची रुंदी २७ मीटर, पूर्ण वजन २३ टन, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. नाशिकहून अहमदाबाद, गोवा, नागपूर, हैदराबाद ही साडेतीनशे ते पावणेसहाशे किलोमीटरच्या पट्ट्यातली शहरं याच विमानाची. मुंबई यादीत धरू नका. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी पूर्ण खुला झाल्यापासून तो प्रवास रस्त्याचाच आहे.

पैशाचा हिशेबही इथेच करा. ४० टनांखालच्या विमानांना नियमित सेवेसाठी इंधनावर सवलतीच्या दरानं कर लागतो. ही सवलत विमानाच्या वजनाला आहे, तळ बदलून ती वाढत नाही. ८० पेक्षा कमी जागांच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ असतं, पण ते विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर. एचएएलच्या किंवा लष्कराच्या तळावर ही माफी गृहीत धरून भाडं ठरवलं, तर ताळेबंद चुकतो.

आता लांबी. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनाच्या एटीआरला उड्डाणासाठी साधारण १,३०० मीटर लागतात. नाशिक जवळपास ६०० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढ धरली की आकडा १,४८२ वर जातो. या उंचीवरचं प्रमाण तापमान ११ अंश. मे महिन्यातल्या दुपारचे ३८ धरले तर फरक २७ अंशांचा, आणि दर अंशाला १ टक्का वाढवल्यावर उत्तर येतं साधारण १,८८० मीटर. पण या आकड्यावर विसंबू नका. उंची आणि उष्णता मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली की हा ठोकताळा चालत नाही, स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. इथे वाढ ४५ टक्के आहे. म्हणून विमान कंपनीकडून त्या धावपट्टीचा, त्या तापमानाचा, चढासकट हिशेब लेखी मागवा. लांबी कमी पडली तरी विमान उडतं, फक्त कमी वजनानं. सामानासकट माणशी ९० किलो धरले तर एक टन उतरवायला ११ जागा रिकाम्या जातात. मार्ग तोट्यात जायला तेवढं पुरतं.

लांबीपेक्षा टोकापलीकडची इमारत जास्त छळते. उपकरणांच्या आधारानं उतरण्याच्या धावपट्टीपुढे ५० ला १ चढाचा मोकळा पट्टा लागतो. तो टोकापासून ६० मीटरवर सुरू होतो. तिथून एक किलोमीटर पुढे गेलात की परवानगीची उंची २० मीटर, म्हणजे जेमतेम सहा मजले. त्यावर लिफ्टची खोली, पाण्याची टाकी आणि मोबाईलचा टॉवर आला की मर्यादा ओलांडली. नाशिक रोड, उपनगर, जेलरोड या बाजूंना गच्चीगच्चीची उंची मोजून नकाशावर उतरवा, आणि ती समुद्रसपाटीपासून मोजा. जमिनीपासून मोजलेली उंची इथे कामाची नाही. सर्वेक्षणात सर्वाधिक चुका इथेच होतात. अडथळा निघाला तर धावपट्टीचं टोक आत सरकवावं लागतं आणि मघाशी मोजलेली लांबी पुन्हा घटते.

पावसाळ्यातले खाली आलेले ढग आणि हिवाळ्यातलं सकाळचं धुकं यासाठी उतरण्याची पद्धत आखून घ्यावी लागते. आयएलएस, म्हणजे जमिनीवरून रेडिओ लहरींनी उतरण्याची वाट दाखवणारी महागडी यंत्रणा, दरवेळी लागतेच असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर किशनगढला गगन या भारतीय उपग्रह प्रणालीच्या मार्गदर्शनावर उतरलं. छोट्या तळासाठी हा रस्ता सर्वांत सोयीचा आहे. मात्र विमानात तो रिसीव्हर आणि वैमानिकांचं प्रशिक्षण, दोन्ही असायला हवं.

अग्निशमनाचा दर्जा विमानाच्या लांबीवर ठरतो. एटीआर ७२ ची लांबी २७.१७ मीटर, म्हणजे दर्जा ५: किमान एक गाडी, ५,४०० लिटर पाणी, मिनिटाला ३,००० लिटरचा फवारा, १८० किलो कोरडी पावडर, आणि धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोहोच. गाडी विकत घेता येते. माणसांच्या पाळ्या भरणं अवघड जातं. एकच गाडी नादुरुस्त झाली की त्या दिवसाची सेवा बंद, म्हणून राखीव गाडीची सोय आधी पाहा.

जमिनीवरच्या सामानाकडे दुर्लक्ष होतं, आणि पहिल्या आठवड्यातला उशीर बहुतेक त्यातूनच येतो. एटीआरला स्वतःचं एपीयू, म्हणजे उभं असताना वीज देणारं छोटं जादा इंजिन, नसतं. उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकनं रोखतात आणि त्यातून वीज व गार हवा मिळवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. मागून जोराचा वारा असेल तर तो वापरता येत नाही, म्हणून उभं करण्याच्या जागेची दिशा वाऱ्याचा तक्ता पाहून रंगवा. बाहेरून वीज द्यायची तर इंजिन सुरू करायला २८ व्होल्ट डीसीचा संच लागतो. जेटसाठी आणलेला ११५ व्होल्ट एसीचा संच त्यासाठी चालत नाही.

दुसरी वस्तू शेपटीखालचा टेकू. प्रवासी मागच्या दारानं चढतात-उतरतात, सामानाचा मोठा कप्पा पुढे. पुढचं सामान आधी काढलं आणि माणसं मागे दाटली, तर नाक वर उचलून शेपूट जमिनीला टेकते. म्हणून विमान थांबताच टेकू लावायचा, आणि पुढचं सामान प्रवासी उतरल्यावरच काढायचं. शिडी दारातच असते, ती वेगळी घ्यायला नको. डाव्या पंख्याभोवती शंकू लावल्याशिवाय कुणालाही जवळ सोडू नका.

वेळापत्रक मात्र सगळ्यांत नाजूक. लष्करी तळावर नागरी विमानाला ठरावीक वेळाच मिळतात. एटीआर दिवसभर शहराशहरांत फिरत असतं. सकाळी हैदराबादला पाऊण तास उशीर झाला की दुपारची वेळ हुकते आणि विमान ओझरला किंवा थेट मुंबईला वळवावं लागतं. संरक्षण खात्याशी करार करताना ठरलेल्या वेळेच्या पुढे किमान एक तासाची सवड लिहून घ्या. ती मिळत नसेल तर पुढचा खर्च करूच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. नागरी उड्डाण महासंचालनालयाची मंजुरी आणि विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या बीसीएएस या सरकारी यंत्रणेची तपासणी यांना वेळ जातो. वेळापत्रकाचा हंगाम मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, तेव्हा तारीख त्यावरून मागे मोजत या.

मग दोन ठाण्यांचा खर्च. दिवसाला चार उड्डाणं, ८० टक्के जागा भरलेल्या, म्हणजे सुमारे २५० प्रवासी. त्यांच्यासाठी एक्स-रे, इंधनाची गाडी, अभियंता, दोन पाळ्यांचा ग्राउंड स्टाफ असं सगळं ओझरला असूनही पुन्हा उभं करायचं. ओझरला जेटनं आलेल्या प्रवाशाला पुढचं एटीआर गांधीनगरहून पकडायचं असेल, तर त्याला सामान घेऊन शहर ओलांडावं लागेल. तिकीट यंत्रणेत ही जोडणी किमान तीन तासांची ठेवा.

नव्या तळाला तीन अक्षरी कोडही वेगळा हवा. ओझरचा आयएसके तसाच वापरला तर बॅगा एका ठिकाणी आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो. तिकिटावर नुसतं ‘नाशिक’ न छापता ‘नाशिक, गांधीनगर’ असं छापा, आणि आदल्या संध्याकाळच्या मेसेजमध्ये कोणत्या गेटनं आत यायचं तेही लिहा.