जुन्या लष्करी ट्रकचे मंद टेल लाइट उजळवताना

जुन्या लष्करी बनावटीच्या ट्रकचे मागचे दिवे मंद दिसू लागले की एलईडी विकत घ्यायला धावण्यापूर्वी मल्टिमीटर हाती घ्यावा, कारण बहुतेक वेळा दोष बल्बमध्ये नसून बल्बपर्यंत पोहोचणाऱ्या विजेत असतो. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी वेगाने घटतो. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या २८ व्होल्टपैकी ३ व्होल्ट वाटेतच हरवले, तर सुमारे एक तृतीयांश उजेड गेलेला असतो.

प्रथम आपल्या गाडीच्या दिव्यांचे व्होल्टेज निश्चित करावे. एम३५ सारख्या अमेरिकी ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून सर्व यंत्रणा २४ व्होल्टवर चालवलेली असते, तर १९८०च्या दशकातील सीयूसीव्ही या अमेरिकी लष्करी गाड्यांच्या मालिकेत स्टार्टर २४ व्होल्टचा असूनही दिवे १२ व्होल्टचेच असतात. १२ व्होल्टच्या वायरिंगवर कोणी चुकून २४ व्होल्टचा बल्ब बसवून ठेवला असेल, तर तो केविलवाणा मिणमिणत राहतो आणि आपण उगाच तारा तपासत बसतो. तसेच, मूळ लष्करी स्विच शाबूत असेल तर तो ब्लॅकआउटच्या स्थितीत राहिलेला नाही ना, हेही पाहावे; शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून दिलेले ते इवलेसे दिवे मंद असण्यासाठीच बनवलेले असतात.

आता मोजमाप. दिवा सुरू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे बल्बच्या धातूच्या टोपीवर टेकवावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग, म्हणजे चेसिसमधून बॅटरीकडे वीज परतण्याची वाट, खराब आहे असे समजावे. मग धन टर्मिनल आणि बल्बच्या बुडाचा संपर्कबिंदू यांच्यामध्ये हेच मोजमाप घ्यावे. दिवा बंद ठेवून केलेली ही तपासणी निरुपयोगी ठरते, कारण प्रवाह वाहत नसेल तर गंजलेला जोडही निर्दोष दिसतो. ब्रेक दाबताच इंडिकेटरही अंधुक उजळत असेल, तर मीटर लावण्याआधीच अर्थिंगवर संशय घ्यायला हरकत नाही.

या ट्रकांची खरी दुखणी अर्थिंगमध्येच असतात. अनेक गाड्यांत दिव्याचे अर्थिंग त्याच्या घराच्या (बाहेरच्या आवरणाच्या) बोल्टमधूनच चेसिसला मिळते, आणि नेमके तिथेच वर्षानुवर्षे चढवलेल्या रंगाचे थर साचलेले असतात. गाडी जितक्या हौसेने रंगवलेली, तितके तिचे दिवे मंद, असे म्हटले तरी चालेल. बॅटरीची ऋण तार सोडवून दिवा उतरवावा, बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून उघडा धातू दिसू द्यावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि नंतर बाहेरून पुन्हा रंग लावावा. शक्य असल्यास दिव्याच्या घरापासून चेसिसपर्यंत एक स्वतंत्र तार, टोकांना थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून ओढावी. हा एकच उपाय बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फळ देतो. होल्डरमधील हिरवट थर खरवडून काढावा, लेन्स धुवावी आणि रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर तो बदलावा.

एवढे करूनही उजेड कमी वाटला, तरच एलईडीकडे वळावे. लाल लेन्समागे लाल एलईडीच घ्यावा, कारण पांढऱ्या एलईडीचा बहुतांश प्रकाश लाल काच अडवते. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत २८ व्होल्टच्याही वर झटके येतात, म्हणून ज्याची मर्यादा ३० व्होल्टलाच संपते असा दिवा काठावरचा समजून टाळावा. एलईडी फार थोडा प्रवाह घेतो, त्यामुळे जुना तापणारा फ्लॅशर इंडिकेटरची उघडझाप नीट करत नाही. त्यासाठी रेझिस्टर लावून उष्णता वाढवण्यापेक्षा भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे अधिक शहाणपणाचे आहे.

शेवटी अंधारात कोणाला तरी पंचवीसेक पावले मागे उभे करून ब्रेक दाबून पाहावा. टेल लाइट आणि ब्रेक लाइट यांच्या उजेडातील फरक त्याला तत्काळ कळला पाहिजे. टेल लाइटच इतका प्रखर झाला असेल की ब्रेक दाबल्याचे लक्षात येत नाही, तर तो एलईडी कितीही महागडा असला तरी काढून टाकावा.